पाय धुणारा राजा खुर्चीवर कसा बसतो?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न काल वाचला आणि रात्रभर डोक्यात राहिला. तुम्ही जालना जिल्ह्यातल्या एका गावात नुकतेच सरपंच झालात. घर माळकरी. शाळेपासूनच्या ख्रिस्ती मित्राच्या आग्रहावरून यंदा ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारच्या उपासनेला गेलात. तिथं पाळकांनी कमरेला टॉवेल बांधून बारा जणांचे पाय धुतले. तुम्हालाही खुर्चीवर बसायला बोलावलं, तर तुम्ही मागे सरलात. आता तुम्ही विचारता: येशूला तुम्ही राजांचा राजा म्हणता, मग राजानं पाय धुणं हे नाटक नाही का? आमचे पुढारीही २ ऑक्टोबरला झाडू हातात घेऊन फोटो काढतात. आणि नाटक नसेल, खरंच तसं वागायचं असेल, तर मी असा वागलो की गाव माझ्या डोक्यावर चढून बसेल, त्याचं काय?

मी एकतीस वर्षं लातूर, बीड आणि जालना जिल्ह्यांतल्या खेड्यांत पाळक आहे. ग्रामपंचायतीच्या कारभारातलं मला फारसं कळत नाही. पण लोक समोर बसलेले, आपण एकटे उंचावर, आणि प्रत्येकाचा नमस्कार आपल्याकडे, ही जागा मला ठाऊक आहे. ती जागा माणसाच्या मनाचं काय करते तेही ठाऊक आहे. म्हणून उत्तर देण्याचं धाडस करतो.

तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुम्ही राजेपण आणि सेवकपण तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलंय. एक खाली गेलं की दुसरं वर. मग राजानं पाय धुतले तर एक तर त्याचं राजेपण तेवढं कमी झालं, नाहीतर ते धुणं खोटं होतं. तिसरी वाट उरतच नाही. बायबल हा तराजूच मान्य करत नाही. तिथं प्रश्न असा विचारला जातो की सत्ता असते तरी कशासाठी, आणि ती कुणाकडून कुणाकडे वाहते.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ‘नम्र हो, सेवक हो’ हे कोण कुणाला म्हणतंय यावर त्याचा अर्थ बदलतो. पाडव्याला साल ठरवून वर्षभर मालकाच्या शेतात राबणाऱ्या सालगड्याला मी ‘बाबा, नम्र हो’ म्हणालो, तर ते शुभवर्तमान होत नाही, ती मालकाची वकिली होते. पहाटे उठून सगळ्या घराचं पाणी भरणाऱ्या आणि सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या सुनेला सेवकपणाचा उपदेश करणारे पाळक मी पाहिलेत. सुरुवातीच्या वर्षांत मीही एकदा तो केलाय. त्या बाईनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि नंतर ती कधी माझ्याजवळ मन मोकळं करायला आली नाही. ती माझी चूक होती, आणि तिची किंमत त्या बाईनं भरली. येशूनं सेवकपणाचं बोलणं काढलं ते त्याच्या शेजारच्या मानाच्या जागा मागायला आलेल्या माणसांपुढे. तुम्ही आज खुर्चीवर आहात, म्हणून तुमच्याशी हे बोलता येतं. तुमच्या गावच्या सालगड्यानं विचारलं असतं तर मी त्याला आधी सांगितलं असतं की देवानं तुला आपल्या प्रतिरूपाचं घडवलंय, मान वर करून बोल.

आता राजांकडे येतो. इस्राएल लोकांना सुरुवातीला राजा नव्हता. शेजारच्या सगळ्या राष्ट्रांना राजा आहे, आम्हालाही हवा, असा त्यांनी म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे हट्ट धरला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात त्यानं त्यांना राजा कसा असतो ते सांगितलंय. तुमची मुलं घेईल, आपल्या रथांपुढे धावायला. तुमच्या मुली घेईल, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला. तुमची चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे घेईल आणि आपल्या चाकरांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा घेईल, तुमची गाढवं घेईल, आणि शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. ‘घेईल’ हा एकच शब्द त्या उताऱ्यात घण पडावा तसा पुन्हा पुन्हा पडतो. निजामाच्या काळातली वेठ पाहिलेल्या एका आजोबांना मी हा अध्याय वाचून दाखवला होता. ते म्हणाले, हे आमच्याच गावचं लिहिलंय.

पण त्याच पुस्तकात चार अध्याय पुढे जा. राजा नेमून झालाय, शमुवेल आता बाजूला होतोय. तो सगळ्या लोकांना गोळा करतो, नव्या राजाला साक्षीला ठेवतो आणि विचारतो: मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाला फसवलं, कुणावर जुलूम केला? कुणाची लाच खाऊन डोळेझाक केली? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू कुणाचं काहीच घेतलं नाहीस. जन्मभर लोकांचा न्यायनिवाडा केलेला माणूस भर सभेत स्वतःचा हिशोब मांडतो आणि बोट दाखवायची मोकळीक सगळ्यांना देतो. नम्रता म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी हात जोडलेला, खाली मान घातलेला माणूस दाखवत नाही. हा प्रसंग दाखवतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं नाही. माझ्या पहिल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मी प्रत्येक रविवारी ‘मी तर तुमचा सेवक’ असं म्हणत असे. मनापासून म्हणत असे. त्या मंडळीत एक निवृत्त पोस्टमन वडील होते. वडील म्हणजे आमच्यात मंडळीच्या कारभाराला निवडलेला जाणता माणूस. एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, “पाळकसाहेब, सेवक म्हनता सवताला, आन् हिशोबाची वही कपाटात कुलूप लावून ठिवता. मालकाला वही बगायची आसली तर त्यानं कुनाकडं जायचं?” मी एक पैसा खाल्ला नव्हता. पण वही माझी आहे, असं मला वाटायला लागलं होतं. त्या रविवारपासून ती वही उपासनेनंतर मेजावर उघडी असायची. पहिल्या महिन्यात कुणी हात लावला नाही. दुसऱ्या महिन्यात एका म्हातारीनं नातवाला घेऊन येऊन आपले वीस रुपये कुठं लिहिलेत ते बोट ठेवून पाहिलं. ती म्हातारी मंडळीत कधी एक शब्द बोलत नसे. त्या दिवसापासून बोलायला लागली.

राजानं सेवक व्हावं, हे येशूच्या आधीपासून बायबलात आहे. शलमोन राजा मेला, त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमला आला. लोक म्हणाले, तुझ्या बापानं आमच्या मानेवर जड जू ठेवलं, ते हलकं कर, आम्ही तुझेच आहोत. रहबामानं तीन दिवस मागून घेतले. बापाच्या दरबारातले म्हातारे सल्लागार म्हणाले, आज तू या लोकांचा सेवक झालास, त्यांच्याशी गोड बोललास, तर ते कायमचे तुझे सेवक होतील. बरोबरीच्या पोरांनी सांगितलं, असं बोल की माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे; बापानं चाबकानं मारलं, मी विंचवांनी मारीन. रहबामाला पोरांचं पटलं. बारापैकी दहा वंश त्या दिवशी निघून गेले. वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडांनी ठार केलं आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. डोक्यावर चढून बसतील या भीतीनं केलेला कारभार कुठं जातो, त्याचं हे उदाहरण मला फार जवळचं वाटतं. रहबामाला तरी दुसरी कसली भीती होती?

आता येशू. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोकांना त्यानं पोटभर जेवू घातलं. लगेच लोक म्हणाले, हाच तो येणारा संदेष्टा, आणि त्याला धरून राजा करायला निघाले. येशू एकटाच डोंगरावर निघून गेला. निवडणुकीच्या आधी आपल्याकडे कशा जेवणावळी उठतात ते तुम्ही आत्ताच पाहिलंय. जेवण दिलं आणि सत्ता घेतली, हा सौदा त्याला नको होता. भाकरी दिली, सत्ता मात्र घेतली नाही.

पुढे यरुशलेमच्या वाटेवर त्याच्या बारा शिष्यांपैकी दोघे, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान, त्याच्याकडे आले. तुझ्या वैभवात आम्हा दोघांना उजवीकडे आणि डावीकडे बसव, म्हणाले. बाकीचे दहा चिडले. मला वाटतं, आपण आधी मागितलं नाही म्हणून. तेव्हा येशू म्हणाला की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. जो पहिला होऊ पाहतो त्यानं सगळ्यांचा दास व्हावं. आणि स्वतःबद्दल म्हणाला की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, तो सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय. मराठी बायबलात इथं ‘खंडणी’ हाच शब्द आहे. तो वाचताना मी दरवेळी थांबतो. खंडणी कोण कुणाकडून घेतं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. जुन्या काळी फौज गावाबाहेर उतरली की गाव खंडणी भरायचं. आजही हा शब्द वर्तमानपत्रात येतो तो दहशतीच्या बातमीत. शमुवेलानं सांगितलेला ‘घेईल’वाला राजा तोच. इथं राजा स्वतःच खंडणी होतो. गावानं भरायची ती किंमत तो भरतो.

आणि ते उजवं-डावं? ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानात लिहिणारा मार्क तेच शब्द पुन्हा वापरतो, वधस्तंभाशी. येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन लुटारू त्याच्याबरोबर खिळलेले होते. डोक्यावर ‘यहूद्यांचा राजा’ अशी पाटी होती. योहान सांगतो की ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. सैनिकांनी थट्टेनं काट्यांचा मुकुट घातला, जांभळं वस्त्र पांघरलं. त्यांना तो विनोद वाटला. आम्ही ख्रिस्ती लोक मात्र त्यालाच राज्याभिषेक मानतो. त्या दोन भावांना आपण काय मागतोय ते कळलं नव्हतं, असं येशूनं त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

आता तुम्ही पाहिलेल्या प्रसंगाकडे, योहानाच्या तेराव्या अध्यायाकडे येतो. पाय धुणं हे त्या काळी घरातल्या सगळ्यात खालच्या चाकराचं काम. येशू जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं. पण त्याच्या आधीचं वाक्य पाहा. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय, हे ओळखून तो उठला. स्वतःला हलकं समजून तो वाकला नाही. आपण कोण आहोत हे पक्कं माहीत होतं, म्हणून वाकू शकला. आणि पाय धुऊन झाल्यावर वस्त्रं घालून परत आपल्या जागी बसला आणि म्हणाला: तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता, ठीकच म्हणता, मी तो आहेच.

तुम्ही माळकरी घरातले आहात, म्हणून पैठणची एक कथा आठवते. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावानं राहिला, कावडीनं गोदावरीचं पाणी आणून रांजण भरत राहिला. ही कथा मी लहानपणी शेजारच्या काकूंकडून ऐकली. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंबरोबर जात्यावर बसणारा विठ्ठलही तसाच. देवानं चाकर व्हावं, ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. श्रीखंड्याची ओळख उघड झाली आणि तो दिसेनासा झाला. सेवा चालली ती ओळख झाकून. योहानात येशू ओळख झाकत नाही. मी प्रभू आहे, असं सांगून तो पाय धुतो, आणि नंतरही तिथंच बसून राहतो. राजेपण बाजूला ठेवून त्यानं ते केलं असतं तर ते वेषांतर झालं असतं. तो सांगतो की राजा असणं हेच आहे. प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हेच लिहिलंय: त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप धारण केलं, मरण सोसलं, *म्हणून* देवानं त्याला अत्युच्च केलं. त्या ‘म्हणून’वर मी कितीतरी उपदेश केलेत.

मग झाडूवाल्या फोटोत आणि यात फरक काय? हे मी तुम्हाला २०१६ सालच्या एका प्रसंगावरून सांगतो. मार्च महिना. लातूर भागात पाण्याचे हाल होते. पुढच्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या गावात टँकर येऊन सहा दिवस झाले होते. पवित्र गुरुवार २४ मार्चला होता. पाय धुण्याचा विधी यंदा नको, पाणी वाया जाईल, असं मीच मंडळीला सुचवलं. एक आजी उठल्या. दुपारी नंबर लावून भरलेल्या आपल्या घागरीतला एक तांब्या त्यांनी पुढं ठेवला आणि म्हणाल्या, धुतलेलं पाणी टाकू नका, मागच्या लिंबाच्या रोपाला घाला. एका तांब्यात बारा जणांचे पाय. थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं.

पाचव्या खुर्चीवर ऊसतोडीहून नुकता परतलेला एक जण होता. टाचा अशा फुटलेल्या की भेगांत काळी माती घट्ट बसलेली. घोट्यावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. मी पाय हातात घेतला की तो ओढून घ्यायचा. म्हणाला, “नका ओ सायेब, मला लाज वाटायली.” मी पाय सोडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. सगळी मंडळी हलली. कुणी मोबाइलवर फोटो काढला असता तर चांगला आला असता.

उपासना झाल्यावर तो बाहेर थांबला होता. म्हणाला, मुकादमाकडं उचल बाकी दाखवताहेत, आमच्या कोयत्यानं हंगामभर तोडलेला ऊस वहीत नीट धरलेला नाही, मला वाचता येत नाही, तुम्ही बरोबर येता का? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; दोघांची मजुरी एकाच नावावर. उद्या उत्तम शुक्रवार, माझ्या तीन ठिकाणी उपासना. मी म्हणालो, बघू. घरी आल्यावर झोप लागेना. तासाभरापूर्वी मी या माणसाचे पाय धुतले होते, आणि आता त्याच्यासाठी एक दुपार काढणं मला जड जात होतं. शनिवारी गेलो. पाच तास बसलो. मुकादम मला आधी बसा म्हणाला नाही. आकडे जुळवले, काही वजनं निघाली, काही निघालीच नाहीत. बाकी निम्म्याहून थोडी कमी झाली, पूर्ण फिटली नाही. परत येताना त्यानं माझ्याशी फारसं बोलणं केलं नाही, दमला होता.

तर भाऊ, माझं उत्तर हे आहे. गुरुवारचं पाय धुणं हा शनिवारचा मुकादमाचा ओटा टाळण्यासाठी असेल, तर तुम्ही म्हणता तसं ते नाटक आहे, मग ते पाळकानं करो की पुढाऱ्यानं. येशूनं गुरुवारी पाय धुतले आणि शुक्रवारी जीव दिला. दोन्ही दिवस एकत्र वाचले नाहीत तर पहिल्याचा अर्थ लागत नाही. पाय धुणाऱ्याच्या हातात परात दिसते तेव्हा विचारा की उद्या हा कुठं असेल.

तुम्ही मागे सरलात, त्याबद्दलही एक शब्द. येशूचा शिष्य पेत्रही मागे सरला होता. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला. वरच्या माणसानं खाली यावं हे खालच्यालाही सोसत नाही, कारण मग आपणही उद्या तसंच वागायला हवं हे आलंच. आणि ज्यांचे पाय धुतले त्यांत यहूदा इस्कर्योतही होता. त्याच रात्री तो पकडून देणार हे येशूला ठाऊक होतं. इतरांसारखेच त्याचेही पाय धुतले. तुमच्या विरोधात मतदान केलेली गल्ली तुम्हाला ठाऊक असेल. नळाचं पाणी तिथं कधी पोचतं, हे मी ठरवू शकत नाही, तुम्ही ठरवू शकता.

आता दुसरा प्रश्न, डोक्यावर चढून बसण्याचा. सेवक होणं म्हणजे प्रत्येकाच्या शब्दासरशी पळणं असं तुम्ही धरून चाललाय. येशूच्या वागण्यात ते दिसत नाही. मंदिरात त्यानं सराफांचे चौरंग उलथले. मुख्य याजकापुढे एका शिपायानं त्याला चपराक मारली तेव्हा त्यानं विचारलं: मी वाईट बोललो असेन तर दाखव, चांगलं बोललो असेन तर मारतोस का? हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही. ज्याला लोकांचं भलं करायचंय त्याला लोकांना नाही म्हणता आलं पाहिजे. घरकुलाच्या यादीत आपल्या चुलत्याचं नाव घाला म्हणणाऱ्याला नाही म्हणणं हीच गावाची सेवा असते. आणि कुणाच्या बोलण्यानं तुमचा स्वतःचा मान दुखावतोय की गावाचं काम अडतंय, हे ओळखणं कठीण असतं. मला तीस वर्षांनंतरही लगेच ओळखू येत नाही. कुणी माझ्याबद्दल वाईट बोललं की मी एक रात्र मध्ये जाऊ देतो. सकाळी कामच अडलेलं दिसलं तर बोलतो. मानच दुखावला असेल तर सोडून देतो.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती राजे तरी असे वागले का? बहुतेक वागले नाहीत, हे मान्य करायला मला संकोच नाही. ६ मे २०२३ला लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्स राजाचा राज्याभिषेक झाला. सुरुवातीलाच एका लहान मुलानं त्यांचं स्वागत केलं, तेव्हा सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलोय, असं ते येशूचं नाव घेऊन म्हणाले. शब्द सुंदर आहेत. पण त्याच सिंहासनाच्या नावानं १८५८ ते १९४७ आपल्या देशावर राज्य झालं, आणि त्यात शमुवेलाचा ‘घेईल’ किती होता हे आपल्याला शाळेत शिकवलंय. दुसऱ्या बाजूला असंही घडलंय की थेस्सलनीका शहरात कत्तल करवणाऱ्या थिओडोसियस बादशहाला ३९० साली मिलानचा बिशप अँब्रोज यानं पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन द्यायला नकार दिला, आणि बादशहानं सगळ्यांदेखत पश्चात्ताप केला. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर अवघ्या पंधरा दिवसांनी, २०१३च्या पवित्र गुरुवारी, रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. आणि आपल्या मराठीतले नारायण वामन टिळक. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्यालाही यायची मुभा, न झालेल्यालाही. ‘दरबार’ हा राजाचा शब्द त्यांनी मुद्दाम निवडला असं मला वाटतं.

तुम्ही विचाराल, मग सरपंचाच्या खुर्चीवर बसू की नको? बसा. लोकांनी दिलीय ती. ग्रामसभेत खाली सतरंजीवर बसलात तर पहिल्या दिवशी कौतुक होईल, दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा होईल, आणि पाण्याचा प्रश्न आहे तिथंच राहील. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात राजासाठी नियम आहे: घोडे वाढवायचे नाहीत, सोनंरुपं साठवायचं नाही, आणि नियमशास्त्राची प्रत करून घेऊन ती रोज वाचायची, म्हणजे भावंडांपुढे मन उन्मत्त होणार नाही. राजा सिंहासनावर बसतोच आहे. पण मांडीवर पुस्तक आहे, आणि ते त्याच्यावर राज्य करतंय.

दावीद राजानं आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात आला आणि एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून शेवटी म्हणाला, तो माणूस तूच आहेस. दावीदानं त्याला बाहेर काढलं नाही. ‘मी पाप केलं’ म्हणाला. दावीदाच्या मोठेपणाबद्दल बोलताना लोक त्यानं गल्याथ या महाकाय योद्ध्याला मारल्याचं सांगतात. मी हे सांगतो. तुमच्याभोवती येत्या वर्षात ‘सरपंचसाहेब बरोबरच आहे’ म्हणणारे खूप जमतील. त्यात एक तरी माणूस असा ठेवा जो तुमच्या घरी येऊन, चहा घेऊन, वहीबद्दल विचारू शकेल. माझा पोस्टमन आता नाही. तसा दुसरा मला अजून मिळालेला नाही.

पहिल्या ग्रामसभेत जमाखर्च ग्रामसेवकानं घाईत वाचून दाखवायची प्रथा असेल तर तो तुम्ही स्वतः वाचा, सावकाश, आकडा आकडा. मग थांबा. लगेच पुढच्या विषयावर जाऊ नका, कुणी बोलेपर्यंत दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, कितीही अवघडल्यासारखं झालं तरी. झालं की मला कळवा. विशेषतः मागं दाराशी उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी कुणी काय विचारलं ते.